“१००० वॅट”चा दिवा, तरी मिरचीची रोपं सुतळीसारखी. चुकतंय कुठे?

बोळातली_बाग (सातारा)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे. पोस्टात ३१ वर्षं हिशेब लिहिण्यात गेली, त्यामुळे तपशील गाळून लिहिणं मला जमत नाही.

आम्ही शनिवार पेठेत जुन्या वाड्यात तळमजल्यावर राहतो. मागच्या खोलीला एकच खिडकी, तीही बोळात उघडते, आणि हात लांब केला की शेजाऱ्यांची भिंत लागते. गच्ची आहे, पण तिथं काही लावायची सोय नाही. किल्ल्यावरून माकडं उतरतात आणि कोवळं पान म्हणून शिल्लक ठेवत नाहीत. गेल्या वर्षी मिरचीची चाळीस रोपं एका सकाळी फस्त केली, वर कुंड्या उकरून माती पसरून गेली ती वेगळीच. तेव्हाच ठरवलं, रोपं जरा दणकट होईपर्यंत घरातच ठेवायची.

खोलीत लोखंडी अँगलची मांडणी आहे, चार फूट लांब, दीड फूट रुंद. मुलानं ऑनलाइन जांभळ्या दिव्याचं पॅनेल मागवून दिलं. खोक्यावर “१००० वॅट” छापलंय. मांडणीच्या वर तुळईला हूक होता, त्यालाच टांगलं. रोपांपासून बरोब्बर तीन फूट. सकाळी ७ ते रात्री १० चालू, म्हणजे १५ तास. प्रकाश इतका जांभळा की बोळातून जाणारी पोरं विचारतात, “काकू, डिस्को काढला का?”

तर रोपं अशी: आज २६ वा दिवस. नऊ सेंटिमीटर उंच, दांडा सुतळीएवढा, पानं दोनच. पाणी घातलं की आडवी पडतात, मग मी काडीचा टेकू देते. खिडकीपाशी भर दुपारी मोबाइलच्या उजेड मोजायच्या ॲपवर ९०० लक्स दिसतात, गच्चीवर उन्हात ९०,००० च्या पुढे. पॅनेलखाली तेच ॲप जेमतेम ७०० दाखवतं. एवढ्या झगझगीत दिव्याखाली खिडकीपेक्षा कमी? ॲप खोटं की दिवा खोटा?

मला एवढंच हवंय: या मांडणीला दिवे किती, किती उंचीवर आणि किती तास, हे मोजायचं कसं? “अजून एक पॅनेल घ्या” म्हणू नका. दर महिन्याचं बिल ८४ युनिटच्या आसपास असतं आणि १०० च्या पुढच्या युनिटांना दर चढा लागतो.

ता. क. याच खोलीत शेवंतीच्या दोन कुंड्या आहेत. झाडं हिरवीगार, पण कळीचा पत्ता नाही. दसरा गेला, दिवाळी गेली, मार्गशीर्षातले दोन गुरुवारही विकतच्या फुलांवर काढले. त्याचा याच्याशी संबंध नसेल बहुतेक.

मिरजेचा_वायरमन

ताई, खोक्यावरचे १००० वॅट विसरा. ते कशाशी तरी “बरोबरीचे” म्हणून छापत्यात. खरे किती ते तुमचा मीटरच सांगतोय.

मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो बघा. बाजूला बारीक अक्षरात आकडा असतोय, माझ्याकडं ३२०० आहे. म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा. फक्त पॅनेल चालू ठेवा. दहा लुकलुकींना किती सेकंद लागले ते घड्याळ लावून मोजा आणि ११,२५० ला त्या सेकंदांनी भागा. येतील ते खरे वॅट. मीटरवर आकडा दुसरा असला तर ३,६०,००,००० ला त्या आकड्यानं भागून घ्या, ११,२५० च्या जागी ते धरा.

आणि लोखंडी मांडणीवर पाण्याची फवारणी करताय म्हणून सांगतो: मांडणीला अर्थिंग द्या, दिव्याचे जोड मांडणीच्या वर ठेवा, खाली लोंबते नकोत. वायरला उतार देऊन एक खालचा लूप सोडा, म्हणजे पाणी पिनेपर्यंत जायच्या आधीच ठिबकून जातंय.

सांगलीकर_२७

मनी प्लांट लावा काकू, विषय संपला.

बोळातली_बाग

मनी प्लांट ठेच्यात घालता येत नाही हो.

वायरमनदादा, मोजलं. आमच्याही मीटरवर ३२०० च आहे. दहा लुकलुकींना २ मिनिटं ३१ सेकंद. म्हणजे ७४-७५ वॅट! दोनदा मोजलं, फरक एका सेकंदाचा. हजारातले सव्वानऊशे वाटेतच सांडले म्हणायचे.

कराडचा_भिंगवाला

ताई, शाळेच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं काढली आहेत, त्यामुळे तुमची वही बघायला मला आवडलं असतं.

आधी ॲपचं. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. आपल्या डोळ्याला हिरवा-पिवळा प्रकाश जास्त दिसतो, लाल आणि निळा कमी. जांभळ्या पॅनेलमधून लाल-निळाच येतो, म्हणून तिथं लक्स फसवे निघतात. ॲप खोटं नाही, तुम्ही त्याला चुकीचा प्रश्न विचारलात. झाडाच्या हिशेबाचं माप वेगळं आहे: ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले प्रकाशकण एका चौरस मीटरवर सेकंदाला किती पडले. हे मायक्रोमोलमध्ये मोजतात, इंग्रजी आद्याक्षरांनी पीपीएफडी म्हणतात. दिवसभराची बेरीज केली की डीएलआय, ती मोलमध्ये (दहा लाख मायक्रोमोलचा एक मोल).

पावसाचं बघा. सर किती जोराची आहे ते पीपीएफडी, आणि संध्याकाळी पर्जन्यमापकात किती साठलं ते डीएलआय. रिमझिम दिवसभर पडली तरी माप भरतं, म्हणून तास वाढवून थोडी कसर काढता येते. आपल्याच जिल्ह्यात महाबळेश्वर आहे आणि दुष्काळी दहिवडीही आहे. त्या मनी प्लांटला दहिवडीचा पाऊस पुरतो, दोन ते चार मोल. मिरचीच्या रोपांना आठ ते बारा मोल हवेत. फळं धरायची तर वीसच्या पुढे, आणि तो नाद खोलीत करू नका, बिल झेपणार नाही.

आता तुमचा हिशेब. ७५ वॅटच्या अशा पॅनेलमधून सेकंदाला साधारण १०० मायक्रोमोल निघतात असं धरू. तीन फुटांवरून ते चहूकडे पसरतात. तुमची मांडणी १२० बाय ४५ सेंटिमीटर, म्हणजे ०.५४ चौरस मीटर. एवढ्यावर पाचवा हिस्सा पडत असेल तर नशीब. बाकीचा भिंतीला, फरशीला आणि त्या बोळातल्या पोरांना. रोपांवर ३५ च्या आसपास पीपीएफडी राहतो. गुणाकार असा: पीपीएफडी गुणिले तास गुणिले ०.००३६. म्हणजे ३५ × १५ × ०.००३६, दिवसाला १.९ मोल. रोपं उजेड शोधत वर पळाली, त्यांचा काय दोष!

तेच पॅनेल चाळीस सेंटिमीटरवर आणलंत तर बरोबर खाली चार-पाच पट मिळेल, पण तेवढ्याच लहान चौकोनात. कडेची रोपं पुन्हा लुकडी. चार फुटी मांडणीला लांबट दिवाच बरा. साध्या पांढऱ्या एलईडी बॅटन (ट्यूबलाइटसारख्या पट्ट्या) घ्या, चार फुटी, २० वॅटच्या, खोक्यावर २००० ल्युमेन (दिव्याचा एकूण उजेड) बघून. पांढऱ्या एलईडीला लक्स भागिले ७० केलं की पीपीएफडी जवळपास येतो. उन्हाला भागिले ५४. म्हणजे तुमचं ॲप आता कामाचं.

आधी एकच बॅटन आणा. खाली १५, ३० आणि ६० सेंटिमीटरवर मोजा, मोबाइल पानाच्या उंचीला उताणा ठेवून. आकडे इथं टाका, मग पुढचं बोलू.

जतचा_निवडुंग

राम राम ताई. तुम्ही ता. क. मध्ये लिहिलंय तोच खरा मुद्दा आहे, संबंध नसेल असं म्हणू नका.

आमचं ड्रॅगन फ्रूट आहे. आत्ता रात्री आमच्या रानात दिवे पेटलेले असतात, लांबून यात्रा भरल्यासारखं दिसतं. ड्रॅगन फ्रूटला फुलायला दिवस मोठा लागतो. थंडीत दिवस लहान, म्हणून रात्री बल्ब लावून त्याला फसवायचं. शेवंतीचं उलटं. तिला रात्र मोठी लागते, तेरा-चौदा तास सलग अंधार. तुम्ही रात्री दहापर्यंत दिवा ठेवताय, तर तिला अजून जून महिनाच चाललाय असं वाटतंय. कळी कशी धरेल?

आणि त्याला उजेड फार लागत नाही बघा. आमचे बल्ब बारकेच असतात, त्यानं झाडाचं पोट भरत नाही, पोट दिवसाच्या उन्हावर. आमचा दिवा म्हणजे कोंबडा, तुमचा दिवा म्हणजे भाकरी. शेवंतीला तुमच्या मिरचीच्या भाकरीतला कोंबडा ऐकू येतोय. कुंड्या त्या खोलीतून काढा, जिथं संध्याकाळी सहानंतर कुणी बटण दाबत नाही अशा ठिकाणी ठेवा.

बोळातली_बाग

अगं बाई! म्हणजे मी दोन महिने तिला खत घालत होते. देवघराच्या मागच्या खिडकीत हलवल्या. तिथं सकाळी दोन तास ऊन येतं आणि संध्याकाळची समई सोडली तर अंधार. समई चालेल ना?

सर, बॅटन आणली. आकडे: १५ सेंमीवर ५४००, ३० वर २६५०, ६० वर ११५०. मुलाच्या मोबाइलवर सगळे थोडे जास्त येतात, पण मी माझाच धरते. ३० वर ठेवून मांडणीच्या लांब कडेला मोजलं तर १४५०, कोपऱ्यात ७६०. एक विचारते. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो असं शाळेत शिकलो होतो. इथं तर निम्माच होतोय!

कराडचा_भिंगवाला

शाबास. चौथाईचा नियम ठिपक्याएवढ्या दिव्याचा. बॅटन म्हणजे ठिपक्यांची रांग. जवळून बघितलं तर प्रकाश लांबीच्या दिशेनं शेजारच्या ठिपक्यांकडूनही येतो, फक्त आडवा पातळ होतो. म्हणून दुप्पट अंतराला निम्मा. साठवर गेल्यावर निम्म्याहूनही कमी झाला ना? अजून लांब जाल तशी बॅटन ठिपक्यासारखी वागायला लागेल.

आता खरी गोम. दीड फूट रुंदी भरून रोपं ठेवायचा हट्ट सोडा. २६५० लक्स म्हणजे ३८ पीपीएफडी, एक बॅटन ३० सेंमीवर काहीच देत नाही. तीन बॅटन दहा-दहा सेंमीवर शेजारी बांधा, रोपांपासून १५ सेंमी वर. खाली रोपवाटिकेतले ट्रे असतात ना, साधारण ५४ बाय २७ चे, ते दोन लांबीत एकापुढे एक. मांडणीच्या दोन्ही कडा मोकळ्या राहू द्या. दिवा झाडाला लागत नसतो, जागेला लागतो. जागा आवळली की त्याच विजेत काम होतं. दोन्ही बाजूंना थर्माकोलचे पांढरे तक्ते उभे करा. चंदेरी कागद नको, त्यात चकाकी दिसते पण पट्टे पडतात. रोपं वाढतील तशी बॅटन वर सरकवायची, म्हणून साखळीवर टांगा.

तास १६. मिरचीला चालतं.

समई चालेल. फक्त कुंडी तिच्या शेजारी नको.

मिरजेचा_वायरमन

टायमर घेणार असाल तर फिरत्या चकतीचा घेऊ नका. लाइट गेली की चकती थांबती, आणि चार दिवसांनी तुमची सकाळ दुपारी उगवती. आत बॅटरी असलेला डिजिटल घ्या. ६० वॅट १६ तास म्हणजे दिवसाला ०.९६ युनिट, महिन्याला २९. ८४ अधिक २९, ११३. वरच्या १३ युनिटांनाच चढा दर, सगळ्यांना नाही, तेव्हा घाबरू नका. तुमचं पॅनेल १५ तास चालायचं तेव्हा ३३ जात होते.

बोळातली_बाग

चोवीस दिवसांनी लिहितेय.

जुनी रोपं काढून टाकली. टेकू काढले तेव्हा जरा वाईट वाटलं. दोन ट्रेमध्ये नवीन बी टाकलं. थंडीमुळे उगवायला अकरा दिवस लागले.

मोजमाप: मधोमध ११,२००, ट्रेच्या लांब कडेला ७९००, थर्माकोल लावल्यावर तिथंच ९१००, कोपऱ्यात ५९००. कडेचे ७० नं भागले की १३० येतात, १६ तासांचे साडेसात मोल. सरांच्या आठाला टेकले. कोपऱ्यांसाठी दर तीन दिवसांनी ट्रे फिरवते, देवळात प्रदक्षिणा घालावी तशी. मीटरवर दहा लुकलुकींना ३ मिनिटं ९ सेकंद, म्हणजे वॅट साठाला जरा कमीच. यावेळी खोक्यावरचं आणि मीटरवरचं जुळलं.

रोपं आज तेरा दिवसांची, साडेतीन सेंटिमीटर. मधे खरी पानं फुटतायत, दांडा जांभळट आणि बोट लावलं तर परत उभा राहतो. पाणी घातलं तरी एकही झोपलं नाही. पॅनेल पोतडीत घालून माळ्यावर टाकलंय. बोळातली पोरं विचारत होती डिस्को बंद का केला म्हणून.

जतच्या भाऊंना सांगायचं राहिलं. शेवंतीच्या एका कुंडीत शेंड्याला मोहरीएवढ्या तीन कळ्या दिसतायत, चष्मा लावून मोजल्या. मार्गशीर्ष तर गेला. रथसप्तमीला बघू.