मदत हवी आहे: साधी गोष्टही ठरवता येत नाही, आणि मोठा निर्णय तोंडावर आलाय

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात बी.एस्सी. गणित, तिसऱ्या वर्षाला. घर लातूर जिल्ह्यात. 2023 ला स्वायत्त महाविद्यालयात प्रवेश घेतला, म्हणजे नवं शैक्षणिक धोरण आमच्या बॅचपासून लागू झालं. आता ठरवायचंय की तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडायचं आणि दोन वर्षांचं एम.एस्सी. करायचं, की चौथं ऑनर्सचं वर्ष करून पुढे एका वर्षात एम.एस्सी. संपवायचं. वर्षं दोन्हीकडे पाचच. पण आमच्याकडे चौथ्या वर्षाला जाणारी पहिली बॅच आमचीच, त्यामुळे विचारायला कोणी सीनियर नाही. संशोधनासह ऑनर्सला पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात, माझे अगदी काठावर आहेत.

हे सगळं निवांत बसून ठरवता आलं असतं. पण गेल्या सोमवारी रात्री मेसच्या काकूंनी "चपाती वाढू की भाकरी?" एवढंच विचारलं आणि मला उत्तरच सुचेना. मागे रांग लागलेली. डोळ्यांत पाणी आलं, ताट तसंच ठेवून खोलीवर आले. सकाळी साडेसातला प्रॅक्टिकल, दुपारी अंतर्गत परीक्षा, मग नऊपर्यंत अभ्यासिका, असा दिवस गेला होता. एकदाच झालं असतं तर लिहिलं नसतं. ऑक्टोबरात जॅमचा (आयआयटीतल्या एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेचा) फॉर्म राहिला, कारण नुसत्या गणिताचा पेपर द्यावा की संख्याशास्त्राचाही, यावर मी अडून बसले आणि तारीख गेली. ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या आवडीने निवडायचा विषय, मैत्रिणीने घेतला तोच घेतला.

याला 'निर्णयांचा थकवा' म्हणतात, असं वाचलं: निर्णय घेऊन घेऊन मन थकतं आणि पुढचे निर्णय नीट घेता येत नाहीत. कैद्यांच्या सुटकेचे अर्ज ठरवणाऱ्या इस्रायलच्या पॅरोल मंडळांवरचा 2011 चा अभ्यास सगळीकडे सांगतात: विश्रांतीनंतर साधारण 65 टक्के अर्ज मंजूर, पुढच्या विश्रांतीच्या तोंडावर जवळपास शून्य. पण त्यावर आक्षेपही निघाले. वकील नसलेल्या कैद्यांची प्रकरणं सत्राच्या शेवटी येत होती म्हणे, म्हणजे नकाराचं कारण थकवाच असेल असं नाही. मनाची ताकद वापरून संपते, ही कल्पना 2016 मध्ये वीसहून जास्त प्रयोगशाळांनी मिळून तपासली, तर परिणाम जवळजवळ दिसलाच नाही.

मग माझं हे काय आहे? खरंच थकवा असेल तर निर्णय थोडा पुढे ढकलून आधी झोप घ्यायला हवी (सध्या जेमतेम पाच तास होते). आणि भीती असेल तर पुढे ढकलणं हाच रोग. मला हा फरक ओळखता येत नाही. तुम्ही कसा ओळखलात?

पप्पा दर रविवारी फोनवर म्हणतात, "तुला वाटेल ते कर बेटा, आमचं काही म्हणणं नाही." त्यांनी एकदा तरी अमुक कर म्हणावं असं वाटतं. त्यांना हे कसं सांगू?

कॉलेजच्या समुपदेशक मॅडम गुरुवारी येतात, तेव्हा नेमकं माझं प्रॅक्टिकल असतं. रूममेट म्हणते टेलिमानसला (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन), 14416 वर, फोन कर, फुकट आहे आणि मराठीतही बोलतात. पण नुसतं 'ठरवता येत नाही' म्हणून तिथे फोन केलेला चालतो का? कोणी केलाय?

आता पहाटेचे सहा वाजलेत, म्हणून एवढं सलग लिहिता आलं. कृपया पाच-सहा पर्याय देऊ नका. असं झालं तेव्हा तुम्ही स्वतः काय केलंत, तेवढंच सांगा.