फिरंगाणात फिरताना : तुमचे अनुभव सांगा

परवा ऑफिसात एकाने विचारलं, "गोव्याला काय काय पाहिलंस?" माझ्या तोंडून सटासट बीचची नावं बाहेर पडली. घरी आल्यावर वाटलं, यातलं आपल्याला खरं तर काहीच आठवत नाही. आठवतं ते भलतंच. म्हणून हा धागा.

'फिरंगाण' हा जुना शब्द. वसई-साष्टीकडच्या पोर्तुगीज मुलखाला पेशवाईत असं म्हणत. मी तो जरा ताणून खाली गोव्यापर्यंत आणि वर दीवपर्यंत नेतोय, जाणकारांनी सांभाळून घ्यावं. शॅक, कॅसिनो आणि 'चौघांना किती खर्च येईल' हे सोडून काहीही लिहा. फजिती झाली असेल तर आधी ती.

माझं कोरलईचं. काशिदला निघालो होतो. रेवदंडा मागे टाकून साळावचा पूल ओलांडला की उजव्या हाताला समुद्रात घुसलेली एक डोंगराची सोंड दिसते, तिच्यावर किल्ला. दीपगृहाच्या बाजूने पायऱ्या चढलो. किल्ला लांबट आणि इतका अरुंद की दोन्हीकडचं पाणी एकाच वेळी दिसतं. दरवाज्यामागून दरवाजा, मधे पडकं चर्च. बायकोचे मामा बरोबर होते, गुडघ्यांची तक्रार करत करत सगळ्यांच्या पुढे.

खाली गावात आलो तर एका ओट्यावर दोन बायका सुकट निवडत बसल्या होत्या. बोलण्याचा सूर अगदी आपला, पण शब्द एक कळेल तर शपथ. मामा म्हणाले, "कोकणी असेल." माझं आजोळ मालवणकडचं, कोकणी मला कळते. ही ती नव्हती. शेवटी विचारलंच. "नो लिंग," एक जण म्हणाली. म्हणजे? "म्हणजे आमची भाषा." आणि त्याच दमात मराठीत, "पाणी देऊ का? चढून आलात ना?"

मागाहून वाचलं, की ही पोर्तुगीजपासून झालेली बोली आहे आणि हजारेक माणसं ती बोलतात. १७४० मध्ये किल्ला मराठ्यांकडे आला, फिरंगी गेले, बोली राहिली. शब्द त्यांचे, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी! मामा मुरूड येईपर्यंत गाडीत 'नो लिंग, नो लिंग' घोळवत होते.

*

वसईहून

धाग्याचं नाव वाचून थोडं हसू आलं, थोडं खुपलंही. मी वसईचा, सामवेदी ख्रिस्ती. किल्ला बघायला आलेले लोक आम्हाला विचारतात, "तुम्ही पोर्तुगीज का?" अहो, आम्ही इथलेच. धर्म बदलला, लुगडं नाही बदललं. माझी आजी शेवटपर्यंत लाल लुगडं नेसली आणि घरात कादोडीच बोलली.

किल्ल्याबद्दल सांगायचं तर रविवारी सकाळी जाऊ नका. झगा सावरत पळणाऱ्या होणाऱ्या नवऱ्या आणि त्यांच्यामागे रिफ्लेक्टर धरलेली पोरं, एवढंच दिसेल. एका पडक्या चर्चमध्ये जमिनीत थडग्यांचे दगड बसवलेत, त्यांवर पोर्तुगीज अक्षरं कोरलेली. त्यांवर बसून वेफर्स खाणारे मी डोळ्यांनी पाहिलेत. एकदा एकाला म्हटलं, "बाबा, हे कुणाचं तरी थडगं आहे." तो उठला, आणि शेजारच्या थडग्यावर बसला.

शाळेत आम्हाला चिमाजी अप्पाही शिकवले, मे १७३९ ची लढाईही. आणि चर्चमध्ये संत गोन्सालो गार्सियाही. हा वसईत जन्मलेला, १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर गेलेला, १८६२ मध्ये संत झालेला. मला दोघांचाही अभिमान वाटतो आणि त्यात काही अडचण कधी आली नाही. बाहेरच्यांनाच ती येते.

आलात तर किल्ल्यावरून परस्पर स्टेशन गाठू नका. कार्तिकात निर्मळची जत्रा असते, तेव्हा या आणि सुकेळी घ्या. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, मधासारखी होतात. जत्रा देवळाची, सुकेळी सगळ्यांची. घरी बोलावलंच कुणी तर इंदियाल आणि फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, खा. इंदियाल म्हणजे हॉटेलवाल्यांच्या विंदालूचा आमच्याकडचा भाऊ. त्यात बटाटा घालत नाहीत, कृपया.

*

नाशिकहून

वसईच्या घंटा बघायला वसईला जावं लागत नाही, एवढंच सांगायला आले. आमच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा तिकडचीच, त्या लढाईनंतर आणलेली. लहानपणी गोदेला पूर आला की पहिला प्रश्न, "घंटेला पाणी लागलं का?" ती चर्चची आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे घाटावर तशीच एक टांगली आहे, तिच्यावर बाळाला घेतलेली मरियम आहे. आमच्या मावशीने आधी देवळात हात जोडले आणि मग सवयीने तिलाही.

*

दादरहून

आमचं गोव्याला जाणं म्हणजे कुलदैवताला जाणं. मंगेशी. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा नवऱ्याच्या डोक्यात कळंगूट आणि सासूबाईंच्या डोक्यात अभिषेक. अर्थात अभिषेक जिंकला.

देवळात हंड्या, झुंबरं, वर घुमट, समोर सात मजली दीपस्तंभ. नवरा पुटपुटला, "हे अर्धं चर्चसारखं का दिसतंय?" सासूबाईंनी असं बघितलं की बस. पण प्रश्न खोटा नव्हता. चर्चं बांधणारे आणि देवळं बांधणारे हात त्याच मुलखातले, नजरेत बसलेलं हातात उतरणारच.

दुसऱ्या दिवशी ओल्ड गोवा. बॉम जेझूच्या चर्चमध्ये सेंट झेवियरच्या पेटीसमोर रांग. सासूबाई चपला काढूनच आत आल्या, कुणी काढायला सांगितल्या नव्हत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "ह्यांच्या माणसांनी आपला देव हलवला." मंगेश मूळचा कुठ्ठाळीचा. १५६० मध्ये त्यांच्या भीतीने भक्तांनी रातोरात पालखीतून जुवारी नदीपलीकडे प्रियोळला नेला. फोंड्याचा भाग तेव्हा आदिलशाहीत होता, पोर्तुगीजांचा अंमल तिथे पुढे दोनशे वर्षांनी पोचला. म्हणून तर मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा असे सगळे देव फोंड्यात दाटीवाटीने बसलेत. हे मला गाइडने नाही, सासूबाईंनी सांगितलं, पार्किंगमध्ये शहाळं पिता पिता.

परतताना जुवारीच्या पुलावर त्यांनी गाडी हळू घ्यायला लावली. खाली बघत म्हणाल्या, "रात्रीची आणली असेल ना रे पालखी. होडीत किती माणसं मावली असतील?" मागचे हॉर्न मारत होते.

*

पुण्याहून

फजिती मागितलीत, घ्या.

पणजीत फोंतेन्हासमध्ये एका जुन्या घरात खोली घेतली होती. खिडकीला काचेऐवजी शिंपल्यांचे चौकोनी तुकडे. सकाळी उजेड दुधासारखा आत यायचा, बाहेरचं मात्र काही दिसायचं नाही. सहा वाजता खाली पों पों. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर, मागे मोठी टोपली, वर प्लॅस्टिकचा कागद. घरमालकीणबाईंनी पोई घेतली. कोंड्याची, आतून पोकळ, फोडली की वाफ येते. ती खाऊन थांबलो असतो तर बरं झालं असतं. मी हौसेने बांगडीसारखी दिसणारी काकणंही घेतली. ती चहात बुडवून खायची असतात. मी पुणेकर, सल्ला न विचारता चावलो. दाढेवरची कॅप हातात!

डेंटिस्ट शोधला. बंद. दुपारी एक ते चार. मी पुण्याचा, त्यामुळे तक्रार करायला तोंड नव्हतं. दोन्ही अर्थांनी.

एक गंभीर गोष्ट. त्या गल्ल्यांत लोक राहतात. बऱ्याच दारांवर 'फोटो काढू नका' असं लिहिलेलं आहे, तरी लोक पिवळ्या-निळ्या भिंतींना पाय लावून उभे. मालकीणबाई कपडे वाळत घालायला गॅलरीत गेल्या की खालून तिघे मोबाइल वर करत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम सगळ्यात जुना गाउन वाळत घातला.

*

सांगलीहून

माझे आजोबा पाव खात नसत. मिसळीबरोबर भाकरी. 'फिरंग्यांचा पाव' म्हणायचे. आम्हाला तो म्हाताऱ्याचा हट्ट वाटायचा.

ते १९५५ च्या गोवामुक्तीच्या सत्याग्रहात होते. १५ ऑगस्टला बांद्याकडून पत्रादेवीला जी माणसं हद्द ओलांडून गेली, त्यांतले. गोळीबार झाला, माणसं गेली. आजोबांच्या पाठीवर वळ होते, ते आम्हाला त्यांना आंघोळ घालायची वेळ आली तेव्हा दिसले. गोवा मुक्त झाला त्या १९ डिसेंबर १९६१ बद्दल म्हणायचे, "छत्तीस तासांत आटोपलं की. मग आम्हाला सहा वर्षं कशाला थांबवलं?"

ते गेल्यानंतर मित्रांबरोबर गोव्याला गेलो. पत्रादेवीला हायवेलगत स्मारक आहे. मी गाडी थांबवायला लावली. "पाचच मिनिटं हां," मागून आवाज आला. थांबलेली आमची एकच गाडी होती. मी आत गेलो, बाकीचे बाहेर उभे राहून नेटवर्क शोधत होते. पाच मिनिटांनी बघतो तर सगळे माझ्या मागे, आणि आणलेला खाऊ गाडीतच.

आग्वादचा तुरुंग आता संग्रहालय झालाय, तोही पाहिला. संध्याकाळी पाव खाल्ला. चांगला होता.

*

वापीहून

नोकरीमुळे इथे आहे. दमण हाकेवर, आणि इथला प्रत्येक जण तिथे एकाच कामाला जातो. मी मोटी दमणला जातो. दमणगंगेच्या अलीकडे नानी, पलीकडे मोटी, आणि नावावर जाऊ नका, गजबज सगळी नानीत. मोटीच्या कोटात सरकारी कचेऱ्या, झाडं, शांतता, आणि बॉम जेझूचं चर्च, आतली लाकडी वेदी बघत बसण्यासारखी. दीवला एकदाच गेलो. किल्ला मोठा आहे, ऊन त्याहून मोठं. लक्षात राहिली ती नागव्याची होक्का ताडं. ताडाला फांद्या फुटलेल्या मी पहिल्यांदा पाहिल्या.

*

सावंतवाडीहून

सांगलीकर, पुढच्या वेळी तेरेखोलला या. किल्ला मूळ सावंतांचा, १७४६ मध्ये पोर्तुगीजांकडे गेला. नदी ओलांडून आमच्या बाजूला असूनही गोव्यात मोडतो. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी त्याच्यावर तिरंगा लावला होता, तुमच्या आजोबांच्या आदल्या वर्षी. रेडीच्या गणपतीवरून रस्ता आहे, पण केरीहून फेरीने आलात तर मजा. मोटारसायकलवाल्यांना आधी चढू द्या, नाहीतर ते तुमच्या पायांवरून चढतात.

*

लिस्बनहून

दोन वर्षांपासून नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे. पहिल्या आठवड्यात भाषा येत नव्हती, मंडईत नुसतं बोट दाखवायचे. एका आजींनी बोटाकडे बघून विचारलं, "बटाटा?" मी दचकलेच. मग अननस निघाला अननस, कोबीच्या जागी 'कोव्ह', बादलीला 'बाल्द', फितीला 'फिता'. घरमालकाने किल्ली देताना 'शाव्ह' म्हटलं तेव्हा मीच हसून 'चावी' म्हटलं, त्याला वाटलं मी त्याचे उच्चार सुधारतेय.

आईला फोनवर यादी वाचून दाखवली. ती म्हणाली, "म्हणजे आपले एवढे शब्द घेतले होय त्यांनी!"

*

धागाकर्ता

लिस्बनच्या आईंना माझा नमस्कार सांगा. वसईकर, नावाबद्दलचं पटलं, पण आता धाग्याचं नाव बदलता येत नाही. कार्तिकात निर्मळला येतो, मामांना घेऊन. त्यांनी आत्ताच विचारलंय, सुकेळी किलोवर मिळतात की नगावर.