मदत हवी आहे: डेटाबेस बनवला, यूजर जोडला, तरी साईट १०४५ एररच देतेय

नमस्कार मंडळी,

तीन दिवस एकाच ठिकाणी अडकलेय म्हणून सगळं सविस्तर लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या. आमच्या वाचनालयाची पुस्तकयादी पीएचपी (साईटची भाषा) आणि मायएसक्यूएलवर (डेटाबेस) आहे, साधीच साईट, पुस्तक शोधायचं आणि ते कपाटात आहे की कोणी नेलंय ते बघायचं, एवढंच. ती जुन्या होस्टिंगवरून नव्यावर न्यायचीय, दोन्हीकडे सीपॅनेलच (होस्टिंग सांभाळायचं पॅनेल) आहे. जुनं महिनाअखेर बंद होतंय आणि यादी टाईप करायला आमच्या दोन वर्षांच्या संध्याकाळी गेल्यात, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय.

आतापर्यंत काय केलं ते सांगते. सीपॅनेलमधे मायएसक्यूएल डेटाबेसेस उघडून नवीन डेटाबेस बनवला, त्याच पानावर खाली यूजर बनवला, पासवर्ड तिथल्याच जनरेटरने दिला तो घेतला, १६ अक्षरी आहे. तिसरी पायरी, म्हणजे यूजरला डेटाबेसशी जोडून ऑल प्रिव्हिलेजेसवर टिक करायची, ती मी पहिल्या दिवशी केलीच नव्हती. मला वाटलं दोन्ही एकाच अकाउंटमधे आहेत म्हणजे आपोआप जोडलेले असतील, तर तसं नसतं. ते कळल्यावर जोडलं, पण एररमधे काडीचाही फरक पडला नाही, आधी जी होती तीच नंतरही.

डेटा चढवताना दोन अडचणी आल्या त्या सुटल्या, कोणाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितेय. पीएचपीमायॲडमिनमधे (ब्राउझरमधून डेटाबेस बघायचं साधन) इंपोर्ट केल्यावर आधी १०४४ आली, म्हणजे परवानगी नाही. एसक्यूएल फाईल टेक्स्ट एडिटरमधे उघडली तर वरतीच क्रिएट डेटाबेस आणि यूज अशा दोन ओळी होत्या, जुन्या डेटाबेसच्या नावासकट. शेअर्ड होस्टिंगवर डेटाबेस फक्त सीपॅनेलच्या पानावरूनच बनवता येतो, पीएचपीमायॲडमिनला ती परवानगी नसते, त्यामुळे दोन्ही ओळी उडवल्या, आणि डावीकडे नवा डेटाबेस निवडून मग इंपोर्ट केलं. त्यानंतर १२७३ आली, अननोन कोलेशन (कोलेशन म्हणजे अक्षरांची तुलना आणि क्रम लावायचे नियम). जुन्या होस्टिंगवर मायएसक्यूएल ८ होतं आणि नव्यावर मारियाडीबी १०.६ (मायएसक्यूएलचाच भाऊबंद) आहे, त्याला यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय हे कोलेशन माहीतच नाही. फाईलमधे सगळीकडे त्याच्या जागी यूटीएफ८एमबी४_युनिकोड_सीआय केलं आणि इंपोर्ट सुरळीत झालं. मराठी नावं नीट दिसतायत, कुठे प्रश्नचिन्हं नाहीत, जोडाक्षरंही शाबूत.

आता खरी अडचण. पीएचपीमायॲडमिनमधे सगळी टेबलं दिसतात, पण साईट उघडली की ॲक्सेस डिनाइड फॉर यूजर, पुढे माझ्या यूजरचं नाव, ॲट लोकलहोस्ट, आणि शेवटी यूजिंग पासवर्ड येस. एरर नंबर १०४५. नावाच्या आधी अकाउंटचं नाव आणि अंडरस्कोर लागतो हे माहितीये, साईटच्या कॉन्फिग फाईलमधे (जिथून साईट डेटाबेसचं नाव, यूजर आणि पासवर्ड घेते) दोन्ही नावं तशी पूर्णच लिहिलीत. होस्ट लोकलहोस्ट ठेवून बघितला, १२७.०.०.१ पण करून बघितलं. पासवर्ड टाईप न करता कॉपी-पेस्ट केलाय, तोही तीनदा. डेटाबेस उघडतोय म्हणजे यूजर बरोबर आहे ना? मग साईटला का नाही म्हणतोय?

जाता जाता अजून एक, सभासदांचा डेटाबेस वेगळा आहे, त्याला हाच यूजर जोडू की नवा बनवू?

प्रतिसाद १

पीएचपीमायॲडमिन उघडतंय यावरून काहीच सिद्ध होत नाही. तिथे तुम्ही सीपॅनेलमधून जाता, त्यामुळे सीपॅनेल स्वतःच एक तात्पुरता यूजर वापरून तुम्हाला आत सोडतं, तुम्ही बनवलेला यूजर त्यात कुठेच येत नाही. तो तपासला जातो फक्त तुमच्या साईटवरून. यूजरच्या नावात स्पेलिंग चुकलं तरी १०४५ आणि पासवर्ड चुकला तरी १०४५च, नेमकं काय चुकलं ते मायएसक्यूएल मुद्दाम सांगत नाही. सीपॅनेलमधल्या करंट यूजर्सच्या यादीतून नाव कॉपी करून टाका, हाताने लिहू नका.

प्रतिसाद २

ताई, उत्तराचा अर्धा भाग तुम्हीच लिहिलाय. यूजर जोडलेला नव्हता तेव्हाही १०४५ आणि जोडल्यावरही १०४५. पासवर्ड बरोबर असता तर न जोडलेल्या यूजरला १०४४ आली असती, म्हणजे ओळख पटली पण या डेटाबेसवर हक्क नाही. तुमची ओळखच पटत नाहीये, त्यामुळे परवानग्यांकडे बघत बसू नका, गडबड नाव नाहीतर पासवर्डमधेच आहे. यूजिंग पासवर्ड येस याचा अर्थ काहीतरी पासवर्ड गेला इतकाच, बरोबर गेला असा नाही.

आता सांगा, कॉन्फिगमधे पासवर्ड कुठल्या अवतरणात आहे, एकेरी की दुहेरी? आणि त्यात डॉलरचं चिन्ह आहे का? पासवर्ड इथे टाकू नका, फक्त हो की नाही सांगा.

धागाकर्ती

दुहेरी. आणि हो, मधे डॉलर आहे, त्याच्यापुढे चार अक्षरं आणि मग डॅश.

प्रतिसाद २

मग तेच. दुहेरी अवतरणात डॉलर आणि लगेच अक्षर आलं की पीएचपी त्याला व्हेरिएबल समजतं, म्हणजे ज्याच्या जागी दुसरी किंमत भरायची असं नाव. त्या नावाचं व्हेरिएबल कुठे नसतं, त्यामुळे तिथे रिकामी जागा भरली जाते, आणि लाईव्ह सर्व्हरवर वॉर्निंग स्क्रीनवर दाखवणं बहुतेक बंद असतं म्हणून काही दिसतही नाही. खात्री करायची तर कॉन्फिगनंतर एक ओळ टाकून पासवर्डची लांबी स्ट्रलेन या फंक्शनने छापून बघा, बघितली की ओळ लगेच काढा. मग एकेरी अवतरणं करा.

दुसऱ्या प्रश्नाचं, वेगळा यूजर बनवा. एकच ठेवलात तर यादीच्या साईटमधे कुठे भोक राहिलं तर सभासदांचे पत्तेही उघडे पडतील, आणि पासवर्ड एका ठिकाणी बदलला की दुसरी साईट बंद. शोधण्याच्या पानासाठी सिलेक्ट (फक्त वाचायची परवानगी) पुरतं, पुस्तकांची देवघेव लिहायची तर इन्सर्ट, अपडेट, डिलीट. ड्रॉप (टेबल उडवणं) आणि ऑल्टर (टेबलाची रचना बदलणं) रोज लागत नाही, ते काढून ठेवा.

धागाकर्ती

लांबी ११ आली! १६ पैकी डॉलर आणि पुढची चार अशी पाच अक्षरं गायब. म्हणजे तीन दिवस मी अर्धवट पासवर्ड पाठवत होते आणि सीपॅनेलमधे परवानग्यांच्या टिका काढत-घालत होते. एकेरी अवतरणं केली, पान रिफ्रेश केलं आणि यादी समोर आली, शोधही चालतोय. तुमचे किती आभार मानू कळत नाहीये. जुन्या होस्टिंगवर पासवर्ड मी स्वतः ठेवला होता, त्यात फक्त अक्षरं आणि आकडे होते, म्हणून हे कधी लक्षातच आलं नाही.

सभासदांसाठी वेगळा यूजर केला, यादीच्या यूजरचे ड्रॉप आणि ऑल्टर काढले, साईट तशीच चालू आहे.

तुम्ही सांगितल्यावर रात्री बॅकअप घेणारी क्रॉनची (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) स्क्रिप्टही उघडून बघितली, तिथेही पासवर्ड दुहेरी अवतरणातच होता आणि शेलही (ती स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) डॉलरचं तेच करतो. कालची बॅकअप फाईल शून्य बाईटची होती. आता एकेरी करून हाताने चालवली, फाईल उघडून शेवटच्या पुस्तकापर्यंत खाली जाऊन बघितलं, सगळं आहे.

प्रतिसाद १

छान. पुढेमागे पासवर्ड थेट क्रॉनच्या ओळीत लिहायची वेळ आली तर टक्केवारीचं चिन्हही टाळा, क्रॉन तिथे ओळ तोडतो. स्क्रिप्टच्या फाईलमधे आहे तोवर चिंता नाही.