'रिसीट'मधील 'पी' उच्चारावा का?

प्रश्न:
प्रौढांच्या इंग्रजी वर्गासाठी मी व्यवहारातील शब्दांची यादी करीत असून प्रत्येक शब्दाचा उच्चार देवनागरीत देत आहे. पावती या अर्थाच्या शब्दापुढे मी 'रिसीट' लिहिले होते. यादी तपासणाऱ्या सहकाऱ्यांनी ते खोडून 'रिसीप्ट' केले. स्पेलिंगमध्ये 'पी' आहे आणि सगळे तसेच म्हणतात, असे त्यांचे म्हणणे आहे. काय ठेवावे?

प्रतिसाद १:
'रिसीट'च ठेवावे. हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला तेव्हा त्यात 'पी' नव्हता. लॅटिन 'रेसेप्टा'शी असलेले नाते दिसावे म्हणून पंडितांनी तो पुढे घातला. त्याच कुळातील 'डिसीट' आणि 'कन्सीट' यांत तो नाही, हे ताडून पाहावे. कर्ज या अर्थाचा 'डेट' आणि 'डाउट' यांतील 'बी'सुद्धा असाच लॅटिनच्या आदरापोटी आला. 'आयलंड'मधील 'एस'ला तर तेवढाही आधार नाही, कारण तो शब्द अस्सल जुन्या इंग्रजीतला असून लॅटिन 'इन्सुला'शी त्याचे काहीही नाते नाही.

प्रतिसाद २:
माहिती मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. 'फॉल्ट'मधील 'एल'ही असाच मागाहून घातलेला आहे. डॉ. जॉन्सन यांनी १७५५च्या कोशात तो कधी उच्चारला जातो, कधी नाही, आणि बोलण्यात बहुधा गाळला जातो, असे नोंदवले. आज तो न उच्चारणाराच चुकीचा ठरतो. 'परफेक्ट'मधील 'सी'चीही कथा तीच. लोक वाचू लागले की अक्षरे बोलू लागतात. मग भारतात रूढ झालेल्या 'रिसीप्ट'लाच अशुद्ध का म्हणावे?

प्रतिसाद ३:
शेक्सपिअरच्या 'लव्हज लेबर्स लॉस्ट'मधील होलोफर्नीस हा पंतोजी 'डाउट' आणि 'डेट' यांतील 'बी' न उच्चारणाऱ्यांवर संतापतो. चारशे वर्षे लोटली तरी तो 'बी' मूकच आहे. तेव्हा 'फॉल्ट'चे झाले ते प्रत्येक शब्दाचे होईल, असे धरून चालता येत नाही, आणि मुलाखतीला जाणाऱ्या विद्यार्थ्याला आज कोशात असलेलाच उच्चार शिकवला पाहिजे. या बाबतीत मराठीने अधिक शहाणपण दाखवले, असे मला मनापासून वाटते. १९६२च्या लेखननियमांनी आपण अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले.

प्रतिसाद ४:
शहाणपण कसले? 'नांव', 'गांव', 'पांच' यांवरील अनुस्वार 'नाम', 'ग्राम', 'पंच' यांची खूण सांगत होते. माझे आजोबा छापखान्यात जुळारी होते. नवे नियम आल्यावरही घरची पत्रे त्यांनी अखेरपर्यंत अनुस्वार देऊनच लिहिली, कारण त्यांच्या मते त्याशिवाय शब्दाचे कूळ कळत नसे.

प्रश्नकर्ती:
आपणां सर्वांची आभारी आहे, परंतु यादी छपाईला द्यायची आहे आणि 'रिसीट'चा निर्णय अजून झालेला नाही.

प्रतिसाद ३:
ताई, 'रिसीट' द्यावे, माझे मत पक्के आहे. अनुस्वाराबाबत मात्र सांगितले पाहिजे की, कूळ दाखवणे हे कोशाचे काम आहे. शाळेतल्या मुलाने ते ओझे प्रत्येक ओळीत वाहू नये.

प्रतिसाद ४:
'अनुच्चारित' हा शब्दच मला खटकतो. सिंधुदुर्गात आणि गोव्यात 'गांव'मधील नाकातला स्वर आजही स्पष्ट ऐकू येतो. नियम करणाऱ्यांच्या कानी तो पडला नाही, म्हणून तो उच्चारलाच जात नव्हता असे कसे म्हणता येईल?