ओपन सोर्समध्ये काम करून पुण्यात नोकरी खरोखर मिळते का?

प्रश्न: सिंहगडरोडकर

नमस्कार. मी हिंजवडीतील एका सॉफ्टवेअर सेवा कंपनीत काही वर्षांपासून टेस्टिंगचे काम करतो. प्रॉडक्ट कंपनीत डेव्हलपर म्हणून जाण्याची इच्छा आहे, परंतु अनुभवाच्या रकान्यात टेस्टिंग दिसले की अर्ज तिथेच अडतो. ओपन सोर्स प्रकल्पांत (ज्यांचा कोड कोणालाही पाहता व सुधारता येतो) योगदान दिल्यास ही अडचण सुटते असे ऐकल्यामुळे मी सवडीनुसार निरनिराळ्या प्रकल्पांना छोट्या पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदलांचे प्रस्ताव, पाठवत आहे. त्यांत रीडमीतील, म्हणजे प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलमधील, शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या अधिक आहेत. मुलाखतींत त्यांविषयी कोणीही विचारत नाही. मी नेमके काय करावे, आणि नोकरीत असताना अशा कामाला कंपनीची हरकत असू शकते का?

उत्तर: डेटाबेसवाला

रीडमीतील दुरुस्त्यांना आज जवळजवळ किंमत उरलेली नाही, आणि त्याला कारण आहे. हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्स योगदानाला उत्तेजन देणाऱ्या उपक्रमात 2020 साली बक्षिसाच्या टी-शर्टसाठी निरर्थक पुल रिक्वेस्टींचा इतका मारा झाला की सहभागी होण्याचा निर्णय प्रकल्पांवरच सोपवण्याचा नियम आयोजकांना उपक्रम चालू असतानाच करावा लागला. 2024 च्या आरंभी एक्सप्रेस या प्रकल्पाच्या रीडमीत लोक स्वतःचे नाव घालून पाठवत होते, कारण शिकवणीच्या एका व्हिडिओत तसेच करून दाखवले होते. अशा अनुभवानंतर मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे लोक, अनोळखी नावाकडे संशयाने पाहू लागले, तर त्यांना दोष देता येत नाही.

माझ्या मते एकच प्रकल्प निवडावा आणि तिथे टिकून राहावे. पोस्टग्रेस या डेटाबेसचे उदाहरण घ्या. कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावरील त्याची प्रत केवळ आरसा, म्हणजे मूळ कोडची नक्कल, आहे. खरे काम ईमेल यादीवर चालते आणि आलेले पॅच, म्हणजे कोडमधील बदल, कमिटफेस्ट या ठरावीक तपासणीच्या काळात तपासले जातात. स्वतःचा पॅच देणाऱ्याने साधारण तेवढ्याच अवघडपणाचा दुसऱ्याचा पॅच तपासावा, अशी तिथे अपेक्षा असते, आणि तपासणाऱ्याचे नाव कमिटच्या, म्हणजे स्वीकारलेल्या बदलाच्या नोंदीच्या, संदेशात नोंदवले जाते. तुमचे प्रश्न, तुमच्या चुका आणि आक्षेपांना दिलेली उत्तरे यादीच्या संग्रहात कायम राहतात. पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या एंटरप्राइझडीबीचे कार्यालय पुण्यात आहे, रेड हॅटचेही आहे. अशा ठिकाणी उमेदवाराचे हे सार्वजनिक वागणे वाचणारे लोक असतात.

उत्तर: बाणेरचा_मॅनेजर

मी भरतीच्या बाजूला बसतो, म्हणून थोडे कटू सांगतो. पहिल्या चाळणीत गिटहबची लिंक सहसा कोणी उघडत नाही. तिथे कीवर्ड, अनुभवाची वर्षे आणि नोटीस पिरियड पाहिला जातो, आणि 90 दिवसांचा नोटीस पिरियड असेल तर पुष्कळदा बोलणे तिथेच संपते. योगदानाचा उपयोग दोन ठिकाणी होतो. प्रकल्पातील एखाद्या सहकाऱ्याने त्याच्या कंपनीत तुमचे नाव सुचवले, तर ही चाळणी टळते; आणि तांत्रिक फेरीत आपल्याच पॅचवर बोलण्याची संधी मिळाली, तर कोड खरोखर तुमचा आहे की एआयकडून लिहून घेतलेला, हे पाच मिनिटांत कळते. अर्जात ‘ओपन सोर्स योगदान’ एवढेच मोघम न लिहिता एका स्वीकृत बदलाची लिंक द्यावी आणि त्याने काय सुधारले ते दोन ओळींत लिहावे.

उत्तर: कोथरूड_पायथन

वरील सल्ला योग्य आहे, पण टेस्टरला थेट पोस्टग्रेसच्या सी कोडमध्ये उतरवणे मला पटत नाही. आपण रोज जे साधन वापरता, म्हणजे सेलेनियम, पायटेस्ट किंवा रोबोट फ्रेमवर्क, त्याच्याच इश्यूंपासून, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारींपासून, सुरुवात करावी. कित्येक तक्रारी केवळ ‘आमच्याकडे चालत नाही’ एवढ्यावर अडून असतात. तो दोष हमखास दिसेल असा दहा ओळींचा कोड लिहून देणे हे मेंटेनरच्या दृष्टीने मोठे साहाय्य आहे आणि ते तुमच्याच हातखंड्याचे आहे. त्यापुढे दोष कोणत्या बदलाने आला ते शोधून देणारी गिट बायसेक्ट ही आज्ञा शिकावी. हजार कमिटांमधून दोष आणणारे कमिट सुमारे दहा पायऱ्यांत सापडते, आणि ते सापडले की दुरुस्ती कोणत्या फाइलमध्ये करायची हे बहुधा आपोआप उमगते. टेस्टरचा डेव्हलपर होण्याचा हाच सर्वांत नैसर्गिक मार्ग मला वाटतो.

उत्तर: करारनामा

दुसऱ्या प्रश्नाविषयी, म्हणजे कंपनीच्या हरकतीविषयी. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 नुसार नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, नोकरी देणारा असतो. पुष्कळ नियुक्तिपत्रांतील अट याहून व्यापक असते आणि सुट्टीच्या दिवशी लिहिलेला कोडही ती कवेत घेऊ पाहते, म्हणून आपले पत्र आधी वाचावे. लिनक्स कर्नलसारख्या (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) प्रकल्पांत पॅचखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ लिहिताना तो कोड देण्याचा अधिकार आपल्याला आहे असे तुम्ही स्वतः प्रमाणित करत असता. संशय असल्यास एचआरकडून ईमेलवर लेखी परवानगी घ्यावी. कंपनीचा लॅपटॉप या कामासाठी मुळीच वापरू नये.

सिंहगडरोडकर

सर्वांचे आभार. नियुक्तिपत्रात अशी अट खरोखरच आहे, तेव्हा प्रथम परवानगीचा ईमेल पाठवतो. तोवर पायटेस्टचे प्रलंबित इश्यू वाचायला घेतो. इश्यूवर आधी टिप्पणी करून मग काम सुरू करावे की दोष पुन्हा घडवून दाखवणारा कोड थेट द्यावा?

कोथरूड_पायथन

कोड थेट द्यावा. ‘मला हे काम द्या’ अशा टिप्पण्यांची तिथे आधीच रांग असते.