मदत हवी आहे: कडक भाकरीतले कार्ब्ज मोजायचे कसे?

नमस्कार मंडळी,

सासूबाईंना शुगर निघालीय. गोळी सुरू झाली आणि डॉक्टरांनी "कार्ब्ज कमी करा" म्हणून पुढचा पेशंट घेतला. घरी त्याचा अर्थ लागला तो असा: साखर बंद, भात बंद, चपाती बंद, भाकरी मात्र हवी तेवढी. आम्ही सोलापूरचे, त्यामुळे भाकरी म्हणजे कडक भाकरी. ती शेंगाचटणी आणि दह्याबरोबर कुडुमकुडुम किती जाते याचा हिशोब कुणी ठेवत नाही. "ज्वारीत साखर कुठली आलीय?" या त्यांच्या वाक्याला अख्ख्या गल्लीचा पाठिंबा आहे.

मी थोडं वाचलं. साखर, पिष्ट (स्टार्च) आणि तंतू, तिन्ही कार्ब्जच. पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या लांबलचक साखळ्या. पचताना त्या तुटतात आणि रक्तात शेवटी ग्लुकोजच उतरतं, चवीला गोड असो वा नसो. तंतू मात्र आपल्याला पचत नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात तंतू वगळून १०० ग्रॅम ज्वारीत साधारण ६८ ग्रॅम कार्ब्ज दिलेत, कणकेत ६४ आणि पांढऱ्या तांदळात ७८. मग चपाती सोडून भाकरी धरली तर कमी झालं काय?

अडचण मोजण्याची आहे. मऊ भाकरीपेक्षा कडक भाकरी काट्यावर बरीच हलकी भरते. सासूबाई म्हणतात, हलकी आहे म्हणजे दोन जास्त चालतील. हे बरोबर आहे का?

दुसरं, पुण्याचा भाचा सांगतो की धान्य पूर्णच बंद करा. कुणी केलंय का?

प्रतिसाद १

ताई, हलकी झाली ती पाणी उडाल्यामुळे. पिष्ट कुठं जातंय? पीठ मोजा. ५० ग्रॅम पिठाची भाकरी असेल तर मऊ असो की कडक, ३४ ग्रॅमच्या आसपास कार्ब्ज धरायचे. विकतची आणत असाल तर आणखी सोपं: कोरड्या पिठातही थोडी ओल असतेच, त्यामुळे पूर्ण वाळलेल्या भाकरीचं वजन जवळपास पिठाइतकंच भरतं. १०० ग्रॅम कडक भाकरी खाल्ली म्हणजे १०० ग्रॅम ज्वारी खाल्ली असं समजा.

ज्वारी वाईट नाही हो. शंभर ग्रॅमला १० ग्रॅम तंतू आहेत, पांढऱ्या तांदळात तीनसुद्धा नाहीत. पण गव्हाच्या कणकेतही तंतू ज्वारीएवढे असतात, तेव्हा चपातीला एवढं वाळीत टाकायचं कारण नाही. शेंगाचटणीत कार्ब्ज कमी, पण तेल भरपूर. कार्ब्जच्या एका ग्रॅमला ४ कॅलरी, तेलाच्या ग्रॅमला ९. वजनही उतरवायचं असेल तर चटणीच्या चमच्यावर नजर ठेवा.

प्रतिसाद २

भाच्याचं ऐकून एकदम काही बंद करू नका. मेंदूलाच दिवसाला १०० ग्रॅमच्या वर ग्लुकोज लागतं. कार्ब्ज मिळाले नाहीत तर यकृत प्रथिनांपासून थोडं बनवतं, चरबीपासून कीटोनही (मेंदूला ग्लुकोजऐवजी चालणारं इंधन) बनतात, त्यामुळे माणूस लगेच कोसळत नाही हे खरं. पण गोळी कुठली आहे? ग्लिमेपिराइडसारखी असेल तर ती स्वादुपिंडाला रक्तातली साखर उतरवणारं इन्सुलिन सोडायला लावते. गोळी घेतली आणि ताटात भाकरीच नाही, तर साखर खूप खाली जाऊ शकते. हातपाय थरथरणं, दरदरून घाम, कासावीस होणं, असं काही दिसतंय का?

धागाकर्ती

दोघांचेही आभार. पाकीट बघितलं, ग्लिमेपिराइडच आहे, सोबत मेटफॉर्मिन (हेही शुगरचंच औषध). घामाचं विचारलं तर म्हणाल्या, "परवा एकादशीला आला होता की, उन्हाळाच हाय." एकादशीला त्या दुपारपर्यंत नुसत्या चहावर असतात, गोळी मात्र सकाळीच घेतात. आता डॉक्टरांना फोन लावतेय.