गालाच्या पेशीत विभाजन दिसेना. कांद्याच्या मुळात तरी कसं पकडायचं?

गंगापूररोड_अकरावी
नमस्कार. अकरावी सायन्स, नाशिक. गालाच्या आतून टूथपिकने पेशी खरवडून मिथिलिन ब्लू लावला. केंद्रक छान दिसतं, पण ४० एक्सवर अख्खी स्लाइड पालथी घातली तरी एकाही पेशीत गुणसूत्रं नाहीत. शरीरात पेशी सतत विभागतात असं शिकवतात, मग इथे का नाही? कांद्याची मुळं वाढवून दुपारी कापली आणि लगेच ॲसिटोकार्मिन लावलं, तर एकावर एक चढलेल्या लालसर पेशींचा नुसता ढीग. काय करायचं? आणि माणसाची गुणसूत्रं बघतात तरी कशी?

काचपट्टी
गालाची स्लाइड तू नीटच केली आहेस. तिथलं अस्तर अनेक थरांचं असतं आणि विभाजन होतं ते अगदी तळच्या थरात. तिथे तयार झालेली पेशी वर ढकलली जाते, चपटी होत जाते आणि शेवटी लाळेत गळून पडते. टूथपिकला लागतात त्या या वरच्या, गळायला आलेल्या पेशी. त्या पुन्हा विभागत नाहीत.

शिवाय वेळेचं गणित बघ. वाढत्या मानवी पेशीचं एक चक्र साधारण २४ तासांचं, त्यात प्रत्यक्ष विभाजन जेमतेम तासभर. म्हणजे सगळ्याच्या सगळ्या पेशी विभागणाऱ्या असल्या तरी कुठल्याही क्षणी २४ पैकी एखादीच पकडीत येईल.

आता कांदा. तुझ्या पद्धतीत दोन पायऱ्या राहिल्यात: फिक्स करणं (पेशी आहेत त्या अवस्थेत मारून टिकवणं) आणि आम्लात मऊ करणं.

मुळं २-३ सेंमीची झाली की सकाळी ८ ते १० च्या सुमारास टोकाकडचा सेंटीमीटरभर भाग काप आणि तिथल्या तिथे फिक्सरमध्ये टाक: ३ भाग अल्कोहोल, १ भाग ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड. १५ मिली अधिक ५ मिली पुष्कळ झालं. हे मिश्रण त्याच दिवशी बनवायचं, शिळं चालत नाही. २४ तासांनी मुळं ७० टक्के अल्कोहोलमध्ये काढून ठेवली की कधीही वापरता येतात.

मग १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ६० अंश सेल्सिअसला ५ ते ८ मिनिटं. ढीग दिसतो तो ही पायरी गाळल्यामुळेच: पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन विरघळलेलं नसतं, मग कितीही दाबलं तरी त्या सुट्या होत नाहीत. उलट आम्लात फार वेळ राहिलं तर मूळ लगदा होतं आणि रंगही धरत नाही. नंतर पाण्याने दोन-तीनदा धू, आम्ल उरलं तर रंग फिका येतो.

ॲसिटोकार्मिनमध्ये १० मिनिटं ठेव, मधूनच स्पिरिटच्या दिव्यावरून काच फिरव. वाफ दिसली की बाजूला. उकळी फुटली तर रंगाचे कण पडतात आणि नवखा माणूस त्यांनाच गुणसूत्रं समजतो. टोकाचा जास्त गडद झालेला १-२ मिमी तेवढा ठेव, बाकी मूळ फेकून दे. त्यात फक्त लांबलेल्या पेशी असतात. ४५ टक्के ॲसेटिक ॲसिडचा एक थेंब, कव्हरस्लिप, वर टिपकागद. पेन्सिलच्या रबराने हलके ठोके दे आणि मग अंगठ्याने सरळ खाली दाब. कव्हरस्लिप तसूभरही सरकू देऊ नकोस, सरकली की पेशी गुंडाळल्या जातात.

आधी १० एक्सवर चौकोनी, दाट, मोठ्या केंद्रकाच्या पेशींचा पट्टा शोध, मगच ४० एक्स. विभाजनाच्या टप्प्यांपैकी सर्वात जास्त पूर्वावस्था (गुणसूत्रं नुकती दिसू लागलेली) सापडतील. मध्यावस्था (गुणसूत्रं मधोमध रांगेत) आणि पश्चावस्था (ती दोन टोकांकडे निघालेली) झटकन उरकतात, म्हणून त्यांच्यासाठी निदान चार-पाच टोकं तयार ठेव. कांद्याची गुणसूत्रं १६ आणि चांगली मोठी, म्हणून तर हे मूळ निवडतात.

लॅब_पंचवटी
वरचं सगळं बरोबर. फक्त जर्नलमध्ये कांद्याची आकृती काढून खाली ‘मानवी पेशी’ लिहू नकोस. कांद्याच्या पेशीत तारककेंद्र (विभाजनाच्या धाग्यांच्या टोकाशी असणारा बारीक कण) नसतं, आणि शेवटी मधोमध नवी भिंत तयार होते. माणसाच्या पेशीत दोन्ही टोकांना तारककेंद्राची जोडी असते आणि पेशी बाहेरून आत खचत दोन होते. तोंडी परीक्षेत हा फरक हमखास विचारतात.

माणसाची गुणसूत्रं बहुधा रक्तातून बघतात. परिपक्व तांबड्या पेशीत केंद्रकच नसतं, त्यामुळे काम लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींवर. त्याही रक्तात स्वस्थ असतात, आपणहून विभागत नाहीत; राजम्यातून काढलेलं फायटोहिमॅग्लुटिनिन घालून त्यांना विभाजनाला लावावं लागतं. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिनच्या नळीत घेतात, पेशी पोषक द्रवात ३७ अंशांना ७२ तास वाढवतात. शेवटी कोल्चिसिन किंवा त्याच्या जातीचं औषध घातलं की तर्कूचे, म्हणजे गुणसूत्रं ओढून नेणारे, धागे तयार होत नाहीत आणि विभाजन मध्यावस्थेत अडकून पडतं.

खरी मेख पुढे आहे. ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइडच्या पातळ द्रावणात पेशी फुगवतात, त्यामुळे गुणसूत्रं एकमेकांपासून सुटी होतात. ही युक्ती हाती नव्हती तोवर गुणसूत्रं गर्दीत मोजली जात आणि पुस्तकांत ४८ आकडा छापला जाई. त्जिओ आणि लेवान या शास्त्रज्ञांनी ४६ हा आकडा १९५६ मध्ये प्रसिद्ध केला. मध्यावस्थेत मोजशील तर गुणसूत्रं ४६ आणि अर्धगुणसूत्रं ९२, कारण प्रत्येकाची प्रत आधीच झालेली असते आणि जोडून राहिलेल्या त्या दोन प्रतींनाच अर्धगुणसूत्रं म्हणतात.

गंगापूररोड_अकरावी
धन्यवाद सर. आणखी दोन शंका. नव्या कांद्याला आठवडाभर मुळंच फुटली नाहीत. आणि लॅबमधली ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडची बाटली सकाळी बर्फासारखी घट्ट झालेली दिसली. ते खराब झालं का? शिवाय एक मूळ प्रश्न: विभाजन चालूच असतं तर शरीर वाढतच का जात नाही?

काचपट्टी
ॲसिड खराब झालेलं नाही. ते १६.६ अंशांखाली गोठतंच, आणि डिसेंबर-जानेवारीत नाशिकला सकाळी तेवढी थंडी सहज असते. बाटली कोमट पाण्यात उभी करून वितळव, दिव्यावर मुळीच धरू नकोस. वाफ पेट घेते. पूर्ण वितळल्यावरच मोजून घे, नाहीतर प्रमाण चुकतं.

नुकता काढलेला कांदा सुप्तावस्थेत असतो. चाळीत काही महिने राहिलेला, कोंब डोकावू लागलेला उन्हाळी कांदा घे. बुडाची वाळलेली मुळं ब्लेडने खरवड, पण चकती कापू नकोस, नवी मुळं तिच्यातूनच येतात. पाण्याला फक्त बूड टेकलं पाहिजे, अर्धा कांदा बुडवला की कुजतो. पाणी रोज बदल आणि ग्लास रात्री खिडकीत ठेवू नकोस. गार पाण्यात मुळं हळू वाढतात आणि विभाजनही मंदावतं.

लॅब_पंचवटी
वाढीचं सांगतो. जेवढ्या पेशी तयार होतात, जवळपास तेवढ्याच मरतात. तांबडी पेशी साधारण १२० दिवस टिकते, म्हणून अस्थिमज्जेला सेकंदाला २० लाखांहून जास्त नव्या पेशी द्याव्या लागतात. ऊतींना ऑक्सिजन कमी पडला की मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन सोडतं आणि मज्जेचा वेग वाढतो. ऑक्सिजन पुरेसा झाला की ते कमी होतं आणि वेग उतरतो. म्हणूनच मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात रक्त कमी होतं, मज्जा धडधाकट असली तरी.

सगळीकडे वेग सारखा नसतो. लहान आतड्याचं अस्तर ३ ते ५ दिवसांत नवं होतं. यकृताच्या पेशी एरवी शांत असतात, पण भाग कापला तर विभागायला लागतात. चेतापेशी परिपक्व झाल्यावर विभागत नाहीत. केमोथेरपीत केस गळतात, तोंड येतं आणि पांढऱ्या पेशी उतरतात, कारण ती औषधं भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात आणि केसांची मुळं, तोंडाच्या अस्तराचा तळचा थर, मज्जा हे सगळे त्यात सापडतात.